परसातला भादवी कांदा

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, पाऊस थोडा हात आखडता घेऊ लागला, की धारवाडच्या माळमड्डीतील आमच्या जुन्या घराच्या परसात, न्हाणीचे पाणी वाहून जाते त्या पन्हळीच्या काठाने एक पांढरी रांग उभी राहते. वीतभर उंचीचा देठ, त्यावर एकच फूल, सहा पाकळ्या आणि मध्ये पिवळेधमक परागकोश. ऊन वर आले की फूल उमलते, दिवस कलला की मिटते. दसऱ्यापर्यंत हा सोहळा चालतो. माझ्या सासूबाई मिरजेच्या. माहेरहून येताना कधीतरी त्यांनी चार गड्डे पदरात बांधून आणले आणि इथे लावले, एवढाच या झाडाचा इतिहास घरात ठाऊक होता. त्या त्याला 'भादवी कांदा' म्हणत. आम्हीही तेच म्हणत आलो. नाव आहे म्हणजे ओळख आहे, असे आपण किती सहज धरून चालतो!

गेल्या वर्षी एका आजारी नातलगांस भेटायला मी हुबळीस गेले होते. परतायला उशीर होणार म्हणून धाकट्या सुनेला फोनवरून सांगितले, "परसातली थोडी कांद्याची पात काप आणि झुणका करून ठेव." मला म्हणायची होती ती विहिरीजवळच्या वाफ्यातली पात. ती नवी होती. या घरात 'परसातला कांदा' म्हणून तिने ज्याचे कौतुक ऐकले होते, ती होती पन्हळीकाठची हिरवी दाट रांग. तिने विळीवर मूठभर पात चिरायला घेतली. आमच्याकडे तीस वर्षे कामाला येणाऱ्या अव्वा तेव्हा भांडी घासत होत्या. त्यांनी हात पुसले, एक पान चुरडून नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "इदु उळ्ळागड्डी अल्ल री. वासनि इल्ल." हा कांदा नव्हे, याला वासच नाही.

रात्री मी घरी आले तेव्हा दोघी हसत हसत हकीकत सांगत होत्या. मला मात्र हसू आले नाही. पन्नास वर्षे ज्या झाडाला पाणी घातले, ते खाण्याचे की विषाचे हे मला सांगता येत नव्हते.

नातवाने मोबाईलवर पानांचे छायाचित्र काढून नाव विचारले. त्या यंत्राने एकदा लसणीची पात सांगितली, दुसऱ्या वेळी आणखी काही. शेवटी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या परिचयाचे आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, नुसत्या पानांवरून नाव विचारू नका. फूल आणा, आणि गड्ड्यासकट आणा." दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यात गुंडाळून एक अख्खे रोप नेले.

त्यांच्या ओसरीवर तासभर जे पाहिले ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्यासाठी एका दाढीच्या पात्याखेरीज काही लागले नाही. प्रथम त्यांनी पान आडवे कापले. कांद्याची पात नळीसारखी पोकळ. हे पान बारीक असूनही आत भरीव होते. गड्डा उभा चिरला, तर थेट कांद्यासारखेच एकावर एक पापुद्रे. इथे फसगत व्हावी यात नवल नाही. मग फुलाची पाळी आली. कांद्याच्या दांड्यावर बारीक फुलांचा गोंडा असतो, इथे दांड्याला एकटेच फूल. "आता पाकळ्या जिथे जुळतात त्याच्या खाली पाहा," ते म्हणाले. तिथे हिरवा, मोहरीपेक्षा थोडा मोठा फुगवटा होता. ते बीजकोशाचे घर. कांद्याच्या फुलात ते पाकळ्यांच्या वर, आत असते. परागकोश मोजले, सहा भरले.

नाव निघाले झेफिरँथिस कँडिडा. आपल्याकडे बागवान 'रेन लिली' म्हणून जी झाडे विकतात, त्यांतली ही पांढरी. मोठ्या गुलाबी फुलांची हिची बहीण पावसाच्या पहिल्या सरींतच फुलून जाते. ही मात्र शरदाची वाट पाहते. मूळ प्रदेश दक्षिण अमेरिका, अर्जेंटिना आणि उरुग्वेकडची ओली जमीन. आमच्या न्हाणीची पन्हळ तिला का मानवली ते तेव्हा उमगले. विल्यम हर्बर्ट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने 1821 साली या वंशाला 'पश्चिम वाऱ्याचे फूल' या अर्थाचे ग्रीक नाव दिले. आपल्या सह्याद्रीतल्या एका पांढऱ्या रानलिलीचे, क्रायनम ब्रॅकिनेमाचे, शास्त्रीय नामकरणही त्याच गृहस्थाचे.

मी थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाविषयी विचारले. 1901 ते 1908 या काळात तो निघाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून आपल्या भागातली झाडेही त्यात आहेत. प्राध्यापक म्हणाले, तो मुख्यतः रानच्या झाडांचा ग्रंथ, बागेतला परदेशी पाहुणा तिथे शोधू नये. मात्र त्या पिढीच्या ग्रंथांत कांदा लिलीच्या कुळात आणि ही 'लिली' वेगळ्या कुळात असे. 2009 सालच्या नव्या वर्गीकरणाने दोघांना एकाच कुळात आणून बसवले. म्हणजे सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या म्हणायच्या!

पण कूळ एक म्हणून गुण एक नव्हेत. या गड्ड्यात लायकोरीन नावाचे द्रव्य असते, त्याने मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. पानांतही ते असते. आणि घोटाळ्याचे मूळ आपल्या बोलीतच आहे. मराठीत 'कांदा' म्हणजे खाण्याचाच असे नाही, पापुद्र्यांचा कोणताही गड्डा कांदाच. डोंगरातला कोलकांदा हृदयावर परिणाम करणारा. गडांबीकांदाही भाजीचा नव्हे. कन्नडातल्या 'गड्डी'ची गत तीच. आपल्या कुंपणांवर पावसाळ्यात पेटल्यासारखी फुलणारी कळलावी तर याहून कितीतरी भयंकर. रताळे समजून तिचा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तिच्यात जे कोल्चिसीन असते तेच युरोपातल्या कोल्चिकम या शरदात फुलणाऱ्या कंदात असते. त्याचे फूल केशरासारखे दिसते. पण केशराच्या फुलात पुंकेसर तीन, कोल्चिकमात सहा. त्याची पाने वसंतात येतात, आणि रानलसूण म्हणून ती खुडणारे लोक तिकडे आजही फसतात. पहिली मूठ खरीच लसणीची असते, मग बोटांना तो वास राहतो आणि पुढची सारी पाने लसणीचीच वाटतात. अव्वांचे हात नुकतेच घासून धुतलेले होते, हे आमचे नशीब.

चुकून कुणी असे काही खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत, मीठपाणी पाजून ओकारी काढीत बसू नये. उरलेली पाने, गड्डा, फूल जे हाती असेल ते पिशवीत घालून माणसाबरोबर तडक दवाखान्यात न्यावे.

रांग उपटून टाकावी असे सुनेने सुचवले. मला ते धजवेना. अखेर या वैशाखात आम्ही दोघींनी गड्डे खणून काढले आणि पुढच्या अंगणात, तुळशीपासून दूर, फाटकाच्या बाजूला लावले. पन्हळीकाठी आता अळू आहे. यंदा नव्या जागी सतरा फुले आली. नातवाने लाकडी पाटी रंगवली, तिच्यावर काय लिहावे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शास्त्रीय नाव कुणाच्या तोंडी बसेना, 'कांदा' शब्द सुनेला नको होता. शेवटी वर मराठीत 'भादवी' एवढेच लिहिले, आणि खाली अव्वांच्या सांगण्यावरून कन्नड अक्षरांत, 'तिन्नबारदु'.