नवा शेजारधर्म

परवा मुलुंडहून बोरिवलीला बहिणीकडे निघालो होतो. मुलुंड ते घाटकोपर धिमी लोकल, तिथून अंधेरीपर्यंत मेट्रो आणि अंधेरीहून पुन्हा लोकल. २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून माझा हा रस्ता ठरलेला आहे. नाहूर गेले आणि माझ्या कानातले यंत्र मुके झाले. मी श्रवणयंत्र लावतो आणि ते फोनला बिनतारी जोडलेले असते. जोड तुटली म्हणून फोन काढून ब्लूटूथची यादी उघडली. माझे यंत्र त्या यादीत यायला अंमळ वेळ लागला. पण तेवढ्यात डब्यातली बरीच मंडळी काचेवर येऊन उभी राहिली. कोणाचे कानात गाणी वाजवणारे बोंडूक, कोणाचे घड्याळ, एक 'आईचा फोन', एक 'भाऊ नंबर १'. समोरची माणसे मात्र खिडकीबाहेर बघत स्वस्थ बसली होती. आपले खिसे आपल्याविषयी बोलत आहेत याची त्यांना दादही नव्हती.

बोरिवलीला पोचल्यावर ही हकिकत मी भाच्याला सांगितली. तो संगणकाच्या धंद्यात आहे. तो हसून म्हणाला, "मामा, फोन बोलतातच एकमेकांशी. पण तुला लपवायचंय तरी काय?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. ते मी तिथल्या तिथे देऊ शकलो नाही. प्रामाणिक उत्तर द्यायचे तर मला माझ्याच एका सहीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगण्याइतके धैर्य त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते.

ती गोष्ट येईलच. त्याआधी हे बोलणे चालते कसे ते पाहू. कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण एक तर जादू समजून भारावतात, नाही तर भूत समजून घाबरतात. प्रत्यक्षात प्रकार साधा आहे. ब्लूटूथ काय किंवा वाय-फाय काय, दोन्ही रेडिओलहरीच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोघांचीही ये-जा असते; त्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, वीतभरही नाही. घड्याळे, कर्णयंत्रे, सामान हरवू नये म्हणून बॅगेला अडकवायच्या चकत्या, ही सारी ठरावीक अंतराने एक बारीकशी आरोळी ठोकतात : "मी इथे आहे, माझी खूण अमुक." ऐकणारा फोन ती खूण टिपतो आणि आरोळी किती जोराची आली त्यावरून अंतराचा अंदाज बांधतो. वाय-फायची तऱ्हा थोडी निराळी. तिथे फोन स्वतःच हाका मारीत हिंडतो : ओळखीचे कोणी आहे का? जुने फोन तर पूर्वी जोडल्या गेलेल्या जाळ्यांची नावे घेऊन हाका मारीत. म्हणजे तुमचे घर, तुमची कचेरी, तुम्ही उतरलात ते हॉटेल, सारे रस्त्यावर उभे राहून मोठ्याने सांगितल्यासारखे.

अशा प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा कायमचा पत्ता असतो. तो पत्ता एकदा टिपला की तोच फोन सकाळी अंधेरीला, दुपारी घाटकोपरला आणि रात्री मुलुंडला होता हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणूनच अ‍ॅपलने २०१४ पासून हाका मारताना बनावट, बदलते पत्ते वापरायला सुरुवात केली आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत अँड्रॉइडनेही असे पत्ते सर्रास केले. ज्यांनी फोन घडवला त्यांनाच त्याला वेषांतर शिकवावे लागले! तेव्हा "लपवायचंय काय?" हा प्रश्न माझ्या भाच्याने आधी त्यांना विचारावा आणि मग मामाकडे यावे.

माझे आणखी काही मित्र आहेत, त्यांचा आक्षेप निराळा आहे. ते माझ्याच पिढीचे. ते म्हणतात, "अहो, चाळीत तरी काय होते? कोणाकडे पाहुणा आला, कोणाचे घासलेट संपले, कोण कोणाशी बोलत नाही, सारे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा नाही तुम्हाला एकांत आठवला?" हा आक्षेप गोड आहे, म्हणूनच घातक आहे. मी गिरगावच्या चाळीत वीस वर्षे काढली आहेत. शेजारच्या वहिनींना माझी वाण्याकडची उधारी माहीत होती हे खरे. पण त्यांच्या यजमानांचा पत्त्यांचा नादही मला माहीत होता. हिशेब बरोबरीत होता. शिवाय त्या माहितीच्या पोटी काही देणेही होते. आई तापाने निजून होती तेव्हा याच वहिनी पहाटे पेज घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. ज्याला माझे सारे कळते आणि मला ज्याचे काहीच कळत नाही, जो माझ्या दारावरून रोज जातो पण पेज कधीच आणणार नाही, त्याला मी शेजारी कसा म्हणू? त्याला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे.

आता सहीची गोष्ट.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'आरोग्य सेतु' हे ॲप लोकांपुढे ठेवले. करोनाची साथ नुकतीच पसरू लागली होती. कल्पना अशी की दोन फोन एकमेकांच्या जवळ आले म्हणजे त्यांनी ब्लूटूथने परस्परांची खूण टिपायची. पुढे त्यांतला एक माणूस आजारी निघाला तर दुसऱ्याला सावध करता येईल. शिवाय माणूस कुठे होता त्याचीही नोंद ठेवायची. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. साथीच्या दिवसांत भीती कोणाला नव्हती? पण १ मेच्या आदेशाने हे ॲप सरकारी आणि खाजगी नोकरांना सक्तीचे झाले आणि १७ मेच्या आदेशाने ती सक्ती 'शक्य तो प्रयत्न करा' इथवर खाली आली. सरकार सोळा दिवसांत नरमले. आमची हाउसिंग सोसायटी नरमली नाही.

मी त्या वेळी तिच्या समितीवर होतो. पावसाळ्यात घरकाम करणाऱ्या बायांना पुन्हा आत घ्यायचे ठरले तेव्हा आम्ही एक नियम केला : फाटकावर जी आपल्या फोनवर हिरवा रंग दाखवील तिलाच प्रवेश. सूचनाफलकावर लागलेल्या त्या कागदावर पाच सह्या होत्या. तिसरी माझी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्तीत राहतात. त्यांच्यापाशी बटणांचा साधा फोन होता. चार दिवस रखवालदाराने त्यांना फाटकावरून परत पाठवले. पाचव्या दिवशी त्या हिरवा रंग घेऊन आल्या. मला आनंद झाला. नियम बरोबर चालला आहे असे वाटले. दोन महिन्यांनी, सहज बोलता बोलता, मला कळले की तो फोन त्यांच्या मुलाचा होता. घरात तसा तो एकच. मुलगा नववीत, शाळा बंद, वर्ग फोनवर; आणि सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत, म्हणजे नेमका वर्गांच्या वेळी, फोन आमच्या सोसायटीत. त्या दोन महिन्यांत त्याचे गणित बुडाले.

बरे, तो फोन आमच्याकडे करीत काय होता? मावशी भांड्यांना हात घालण्यापूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराबाहेर, चपलांच्या रांगेत ठेवीत. भिजला तर दुसरा घ्यायला पैसे नव्हते. म्हणजे जो फोन मावशी कोणाच्या जवळ गेल्या ते सांगणार होता, तो माझ्या चपला कोणाच्या जवळ होत्या ते सांगत होता! आणि माझा स्वतःचा फोन? बॅटरी लवकर उतरते म्हणून मी ब्लूटूथ बंद ठेवीत असे. तो कोणी कधी तपासला नाही. घरमालकांचा हिरवा रंग पाहण्याची कल्पनाही त्या कागदावर सही करणाऱ्या पाचांपैकी एकाच्या डोक्यात आली नाही. रोग विमानाने आला होता, डोंगराकडून आला नव्हता. पण फाटक मात्र आम्ही डोंगराच्या बाजूला बसवले.

यावर विज्ञानाचे अभिमानी म्हणतात, "दोष तुमच्या सोसायटीचा, यंत्राला बोल कशाला?" अर्धे कबूल. सहीचा दोष माझा, तो मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधणार नाही. पण राहिलेल्या अर्ध्याचा विचार विज्ञानाच्याच अंगाने करावा. रेडिओलहरीला भिंत कळत नाही. पातळ भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसे निजली असतील तर त्यांचे फोन खाटेला खाट लावून निजल्यासारखे बोलतात. उलट माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि या लहरी पाण्यात जिरतात. गच्च भरलेल्या डब्यात पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोघांचे फोन लांब लांब असल्यासारखे भासू शकतात. म्हणजे जिथे भिंतीला भिंत लागलेली तिथे यंत्र नसलेली जवळीक पाहणार, आणि जिथे खरोखर श्वासाला श्वास लागतो तिथे चकणार. वस्ती आणि लोकल सोडली तर उपनगरातल्या कष्टकरी माणसाच्या आयुष्यात उरते काय? हे अंतर मोजायचे साधन म्हणून वापरायला हरकत नाही. एखाद्याच्या मजुरीचा निवाडा करायला ते वापरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि एका कामासाठी जमवलेली माहिती दुसऱ्या कामाला जुंपली जाते, हा तर जगाचा अनुभव. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये अशाच धर्तीचे ॲप काढले. माहिती केवळ साथीसाठी, असा भरवसा दिला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेतच कबुली द्यावी लागली की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना ती मिळू शकते. मग घाईघाईने कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घालावी लागली. सिंगापूरचे राज्य शिस्तीचे म्हणून आपण त्याची उदाहरणे देतो. हेही उदाहरण द्यावे.

सगळीच उदाहरणे निराशेची नाहीत. लंडनमध्ये २०१३ साली रस्त्यावरच्या काही कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा तिथल्या नगरसंस्थेने तो उद्योग थांबवायला लावला. त्याच शहरातल्या भुयारी रेल्वेने २०१६ च्या अखेरीस ५४ स्थानकांवर चार आठवडे प्रवाशांच्या फोनच्या हाका टिपल्या. पण स्थानकांत तशा पाट्या लावल्या आणि वाय-फाय बंद ठेवलेत तर तुमची नोंद होणार नाही हेही सांगितले. एक पाटी! एवढीशी गोष्ट, पण ती लावणारा समोरच्याला माणूस समजतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. मात्र सरकारला आपल्या हव्या त्या संस्थेस त्यातून सूट देण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवली. असो. दिल्लीचे दिल्ली पाहील. सोसायटीचे फाटक तर आपल्या हातात आहे ना?

मी यंत्रांचा शत्रू नाही. कानातले यंत्र नसते तर नातवंडांचे बोलणे मला ऐकू आले नसते. पण ते प्रथम फोनला जोडले त्या दिवशी फोनने मला विचारले होते : हे यंत्र तुमचे का, जोडू का? मी 'हो' म्हटले, मगच दोघांची गाठ पडली. आणि ती मला वाटेल तेव्हा सोडवता येते. सगळ्या जवळिकीला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. विचारले होते काय? 'नाही' म्हणण्याची सोय होती काय? आणि 'नाही' म्हणणाऱ्याची भाकर तर गेली नाही ना? मावशींच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक आहेत.

ती साथ सरली. 'आरोग्य सेतु'मधला तो फोनाफोनींची खूण टिपण्याचा भागही पुढे बंद झाला. आमच्या फाटकावर मात्र आता दुसरेच एक ॲप आले आहे. मावशी आत आल्या की माझ्या फोनवर टिंग वाजते, बाहेर पडल्या की पुन्हा टिंग. मी केव्हा येतो, केव्हा जातो, ते त्यांच्या फोनवर कोणी कळवत नाही. गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला : फाटकावर जी नोंद कामवाल्यांची होते तीच सभासदांची व्हावी, नाही तर दोघांचीही बंद करावी, आणि महिन्यापूर्वीच्या नोंदी पुसून टाकाव्यात. अनुमोदन द्यायला कोणी उभे राहिले नाही. अध्यक्षांनी चहा आल्याचे सांगितले.

ठराव पुढच्या वर्षीही मांडणार आहे. दुसऱ्या दिवशी मावशींना मी मोठ्या उत्साहाने सभेची हकिकत सांगितली. त्यांनी हातातले पातेले पालथे घातले, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "काका, बोललात ते चांगलं केलंत. पण तेव्हा बोलायला पाहिजे होतं."