रानाच्या शाळेत आपली हजेरी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपण काय करतो? वस्तीत मिरवणूक, खीर, लाऊडस्पीकर, भाषण, आणि भाषणानंतर पुढाऱ्याच्या गाडीमागची धूळ. त्याच रात्री, त्याच चांदण्यात, सरकारचं वनखातं जनावरं मोजतं. वैशाखात ओढे आटलेले असतात, पाणी मोजक्या जागी उरतं आणि चंद्र पुरा असतो, बॅटरी न लावता दिसतं. म्हणून पाणवठ्याजवळ मचाण बांधायचं, त्यावर माणसं बसवायची आणि रात्रभर कोण कोण पाण्याला आलं ते कागदावर लिहायचं. अलीकडं हौशी लोकही पैसे भरून मचाणावर बसतात. त्याला निसर्ग अनुभव म्हणतात.

पाणवठ्यावर कोण पाणी पितं हे बघत बसायची सवय या देशाला जुनी आहे. १९२७ साली आपण महाडला तळ्यावर गेलो तेव्हाही बघणारे होतेच. त्या तळ्यावर गुराढोरांना बंदी नव्हती. आपल्याला होती. तेव्हा दोस्तांनो, पाणवठ्याच्या शास्त्रात आपण अडाणी आहोत असं कुणी समजू नये.

मी गोदीत हमाल आहे, ठेक्यावर. मॅट्रिक झालो आणि हूक हातात घेतला. गाव राधानगरी तालुक्यातलं, रानाच्या कडेचं. मामेभाऊ तिथं रानात रोजंदारीवर. या पौर्णिमेला त्याला म्हटलं, मलाबी ने मचाणावर. तो म्हणाला, पाण्याचा कॅन उचलशील तर चल. दोन पाळ्यांचा खाडा केला आणि गेलो. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्याला वीस लिटरचा कॅन म्हणजे फुलंच की.

मचाणावर एक साहेब होते. मांडीवर हातभर लांब कॅमेरा. वाईट माणूस नव्हता, हे आधीच लिहितो. आपल्या डब्यातली चपाती त्यांनी मला दिली. मग हळूच विचारलं, "तुम्ही इथले ट्रायबल का?" म्हटलं, "नाही साहेब, आम्ही बौद्ध." ते म्हणाले, "अरे वा, म्हणजे आज तुमचाच सण!" वर चंद्र एवढा मोठा होता की मला हसू आलं.

मध्यरात्रीनंतर लांब टिटवी ओरडली. मामेभाऊ पुटपुटला, "गवा यायलाय. एकटाच हाय. म्हातारा." साहेबांनी कॅमेरा सरळ केला. बऱ्याच वेळानं झाडांच्या काळोखातला एक तुकडा सुटा झाला आणि चालत पाण्याशी आला. काळाभोर, चार पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. एकटाच. आणि म्हाताराच. साहेब म्हणाले, "बायसन!"

बायसन अमेरिकेत असतो, युरोपात असतो. आपल्या देशात नाही. हा गवा, वेगळं जनावर. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला बायसन म्हटलं आणि ते नाव इतकं चिकटलं की १९५८ साली दाजीपूरला महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं ते बायसन अभयारण्य म्हणूनच. १९८५ साली ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारशात घातला, त्यात कास, कोयना, चांदोली यांच्यासोबत राधानगरीही आलं. पाट्या बदलल्या, तरी बायसन काही हटेना. मामेभावाच्या तोंडात मात्र पहिल्यापासून गवा हाच शब्द. चौथी नापास माणसाचं शास्त्र बरोबर आणि साहेबांचं चूक.

साहेबांनी त्याला विचारून घेतलं. एकटा हे कसं कळलं, म्हातारा हे कसं कळलं. त्यानं लाजत लाजत सांगितलं. कळप असला की आधी पाचोळ्याचा सलग आवाज येतो, हा थांबत थांबत येत होता. वय झालेला नर कळपापासून बाजूला पडतो. साहेब वहीत लिहीत होते. पुढं त्यांनी तो फोटो मोबाईलवर टाकला, खाली चांगली लांब माहिती दिली. शब्दन्‌शब्द मामेभावाचा. नाव साहेबांचं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं? थांबा जरा. नाव राहून जाणं ही दाजीपूरची खासियत नाही. हा जुना धंदा आहे आणि जगभर चाललाय.

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला एक माणूस सापडला. जॉन एडमनस्टन. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा काळा गुलाम. चार्ल्स वॉटर्टन या इंग्रजाबरोबर तिथलं वर्षावन हिंडला आणि पक्ष्याचं कातडं न फाटता कसं सोलायचं, कसं भरायचं हे त्याच्याकडून शिकला. गुलामीतून सुटल्यावर एडिंबरात हेच काम करून पोट भरायला लागला. १८२६ साली सोळा-सतरा वर्षांचं, डॉक्टरकी शिकायला आलेलं एक पोरगं पैसे मोजून त्याच्याकडं शिकवणीला बसलं. ते पोरगं म्हणजे चार्ल्स डार्विन. पुढं जहाजावरच्या पाच वर्षांत पक्ष्यांची कातडी टिकवायला हीच विद्या कामी आली. म्हातारपणी आत्मचरित्रात डार्विननं या माणसाची आठवण काढली आहे, चांगलीच काढली आहे. पण नाव लिहिलेलं नाही. ते नंतरच्या अभ्यासकांनी शोधून काढलं.

कातडं सोलणं! मित्रांनो, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आज्ज्यानं जन्मभर दुसरं काय केलं? मेलेलं ढोर ओढलं, सोललं. कुठली शीर कुठं जाते, ढोर कशानं मेलं, काळजावर कसले डाग पडलेत, पोटात काय अडकलंय, सगळं त्याला माहीत. सुरी तीच, हात तसाच. एडिंबरात त्या हाताची शिकवणी लागली, आमच्या गावात त्या हाताचा विटाळ झाला. बाबासाहेबांच्या सांगण्यावरनं आपण ते काम सोडलं, आणि सोडलं ते शंभर टक्के बरोबर केलं. त्या घाणीत कुणी परत जायचं नाही. पण ढोराबरोबर त्या डोक्यातलं शास्त्रही उकिरड्यावर गेलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. आमच्यात लिहिता येणारं कोण होतं?

दुसरा माणूस सारावाकचा. सारावाक हे नाव मला पुस्तकाच्या आधी ओंडक्यावरनं माहीत. गोदीत लाकूड उतरतं तेव्हा ओंडक्याच्या तोंडावर रंगानं खुणा असतात. आम्ही त्या वाचत बसत नाही, साखळी बसली का नाही तेवढं बघतो. एकदा सालीच्या फटीतनं मेलेली गोम निघाली, वीतभर. तेवढंच मी बोर्निओचं वर्षावन बघितलं. त्या सारावाकात १८५५च्या सुमारास अली नावाचं मलय पोरगं आल्फ्रेड वॉलेसकडं स्वयंपाकाला लागलं. पुढं बंदूक शिकलं, पक्षी सोलायला शिकलं. १८५८ साली बाचान बेटावर अलीनं एक पक्षी मारून आणला. छातीला हिरवी ढाल, पंखांतून निघालेली चार लांब पांढरी पिसं. शास्त्राला तो नवा होता. आज त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात वॉलेस आहे. वॉलेसनं पुस्तकात अलीचं श्रेय दिलं, हे त्याचं माणूसपण. पक्ष्याच्या नावात काही अली आला नाही.

आपल्याकडं २०१९ साली कोयनेच्या रानातल्या नव्या सापाचं नाव जाहीर झालं, बोयगा ठाकरेई. तो साप पहिल्यांदा नजरेला आणला तेजस ठाकरे यांनी, म्हणून. शास्त्राच्या रीतीत ते बसतं, मी त्यात खोट काढत नाही. रात्र रात्र ओढ्यात उभं राहायचं तर जीव लागतो. वेळही लागतो, पैसाही लागतो. माझा सवाल एवढाच की त्याच ओढ्यात रोज पाणी भरणाऱ्याचं नाव शास्त्राच्या रीतीत कधी बसणार?

फासेपारध्याचं तर याहून भयंकर. १८७१च्या कायद्यानं इंग्रजानं असल्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पोलिसांत रोज हजेरी लावली. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या कोल्हापुरात ही हजेरी बंद केली, त्यांना कामाला लावलं, शिकारीत सोबत घेतलं. रानाची जाण हा त्या राजानं गुण मानला. देशानं तो कायदा मोडायला १९५२ उजाडलं. मग १९७२चा वन्यजीव कायदा आला. तो गरजेचाच होता, त्याच्याशिवाय आज एक वाघ दिसला नसता. पण जंगलाची एवढी जाण असलेल्या माणसाला दुसरं काम काय, हे कुणी विचारलं नाही. पारधी तोंडानं तित्तराची हुबेहूब साद घालतो, तर त्याच्यावर नजर. शहरातला पाहुणा मोबाईलवर तीच साद वाजवून पक्षी फांदीवर बोलावतो, तर तो पक्षिनिरीक्षक. सालं, एकच शीळ!

आता आपल्या पोरांशी भांडायचं आहे. परवा बैठकीत एकजण म्हणाला, निसर्गबिसर्ग हे पोट भरलेल्यांचे चोचले, आपला लढा भाकरीचा. टाळ्या पडल्या. मीही वाजवली एक, लाज वाटते. कवितेतला तो गुळगुळीत निसर्ग, पाऊस आला की खिडकीत बसून चहा पिणारा, तो आपला नाहीच. पाऊस आला की आपलं घर गळतं. पण म्हणून रानच त्यांना देऊन टाकायचं? माझी आज्जी त्याच रानात हिरडा, शिकेकाई, करवंदं वेचून चार पोरं जगवून गेली. भाकर तिथनंच आली की भावा.

आणि काय शाळा आहे ती! आजऱ्यावरनं पुढं घाटमाथ्यावर आंबोलीला जा. आपल्या शहरात वर्षाला दोन हजारांच्या वर मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं सात हजारांच्या आसपास. समुद्रावरनं आलेला ढग कड्याला थटतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिकामा होतो. म्हणून त्या पट्ट्यात झाडं बारमाही हिरवी. तिथला एक हिरवा बेडूक झाडावरनं झेप घेतो, बोटांमधला पडदा पसरून तरंगत उतरतो. मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचं घरटं करते. पिल्लं झाली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. पाळणा आणि विहीर एकाच रेषेत. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर एक इवलीशी भेकी आहे, २००९ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. जगात तिचं ठिकाण तेवढंच, आसपास. सड्याला लोक पडीक म्हणतात, त्यावर गाड्या घालतात, बॉक्साईटसाठी खणतात. पडीक म्हणून हिणवलेल्या जागेत किती जीव असतो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि ते देवगांडूळ. दिसायला गांडूळ, भाऊबंद बेडकाचा. पाय नाहीत. लोक साप समजून ठेचतात. ओळख पटली नाही की ठेचायचं, हा आपल्या समाजाचा सर्वात जुना कायदा.

तर हे शिकायला शहरातनं माणसं येतात, पैसे देतात. ते पैसे कुठं जातात ते बघा. पाहुणा राहतो कुठं? ज्याच्याकडं जादा खोली, संडास, अंगण आहे त्याच्याकडं. म्हणजे ज्याच्याकडं आधीच जमीन आहे त्याच्याकडं. जीप त्याची, जेवणाचं ताट त्याच्या घरचं. आमच्या एका खोलीत पाहुणा कुठं निजवणार? आणि निजवला तरी आमच्या हातचं खाईल का, हा प्रश्न गावात अजून मेलेला नाही. निसर्ग पर्यटन आलं म्हणून गावाचं भलं झालं, असं छापून येतं तेव्हा गाव म्हणजे कोण ते विचारा. गावच्या वन समितीत भूमिहीन किती, त्यात बाया किती ते विचारा.

कायद्याचंही ऐका. २००६चा वनहक्क कायदा. आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ आधीपासून तो रानात राहतो, रानावर जगतो हे दाखवायचं. बाकीच्यांनी, म्हणजे आपणही त्यात आलो, तीन पिढ्या दाखवायच्या. ७५ वर्षं. हिशोब करा, १९३०च्या आसपास जातो. १९३० साली ज्याच्या सावलीचा विटाळ होता त्याच्या नावानं कागद कोण करून ठेवणार होतं? तरी हात टेकू नका. नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरलेला आहे. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, साहेबाच्या टेबलापासून नाही. म्हातारी माणसं आहेत तोवर वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसा. दाव्यासाठी बसा, आणि बसलाच आहात तर झाडांची, पाखरांची, औषधाची नावंही लिहून घ्या. जो सांगतो त्याचं नाव आधी, मग झाडाचं.

वाटाड्या व्हायचं तर इंग्रजी लागतं म्हणतात. कशाला? बेडूक इंग्रजीत ओरडतो का? मराठीत शिकवा, मराठीत परीक्षा घ्या, आणि ज्याचे पाय रान ओळखतात त्याला दहावीचा दाखला मागू नका. मॅट्रिक मी आहे. टिटवी कशानं ओरडली ते मला कळलं नव्हतं.

मी गावाकडनं निघालो तेव्हा आत्तीकडं गेलो होतो. रानातली पन्नासेक झाडं ती नुसत्या वासावरनं सांगते. म्हटलं, पुढच्या बुद्धपौर्णिमेला वसतिगृहातली दहा पोरं-पोरी घेऊन येतो, खीर इथंच करू, तू त्यांना रान शिकव. मास्तरीण म्हणून. मोबदला देऊ. ती म्हणाली, पैसे किती ते आधी सांग. सांगितलं. घासाघीस करून पन्नास वाढवून घेतले. तिचं नाव इथं छापत नाही, तीच नको म्हणाली, जळणाच्या मोळीवरनं रानात तिची बाचाबाची झालेली आहे. पण माझ्या वहीत ते पहिलं आहे. त्याखाली दहा ओळी रिकाम्या ठेवल्यात. सहा भरल्यात. ज्याला यायचं त्यानं दिवाळीपर्यंत कळवा, बसचं भाडं ज्याचं त्यानं द्यायचं, आणि भडक कपडे नकोत.