आचारी, मालक आणि एका पानाचा बायोडाटा

माजी विद्यार्थ्यांची यादी करावयास बसलो की आपली लेखणी काही नावांपाशी रेंगाळते आणि काही नावांवरून घाईने पुढे सरकते. तहसील कार्यालयात लागलेला, पोलीस दलात गेलेला, प्राध्यापिका झालेली, अभियंता झालेला, यांच्या नावापुढे आपण पद, खाते, गाव असे सारे तपशीलवार लिहितो. मात्र ज्याने लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःची खानावळ उभी केली, त्याच्या नावापुढे 'हॉटेल लाइन' एवढेच दोन शब्द पडतात. हे दोन शब्द केवळ इतरांनी लिहिले असते तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. तो स्वतःदेखील आपल्याविषयी तेवढेच लिहितो, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वतः मालक असलेल्या माणसास बायोडाटा कशाला हवा, असे कोणी विचारील. मावळात राहणाऱ्यास हा प्रश्न पडू नये. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला आणि जुन्या महामार्गावर थांबणारी कितीतरी वाहने कामशेत, वडगाव यांना वळसा घालून निघून जाऊ लागली. २०२० च्या टाळेबंदीने तर उरल्यासुरल्यांचीही चूल विझवली. ज्यांचे हॉटेल बंद पडले त्यांना पुन्हा नोकरी शोधावी लागली; ज्यांचे तगले त्यांना बँकेपुढे कर्जासाठी, कारखान्यापुढे कँटीनच्या कंत्राटासाठी, एखाद्या रिसॉर्टपुढे भागीदारीसाठी उभे राहावे लागते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या दारात प्रकल्प अहवाल घेऊन गेलेल्यासही 'तुम्हाला या धंद्याचा अनुभव काय?' हा प्रश्न चुकत नाही. प्रत्येक ठिकाणी माणसाच्या आधी त्याचा कागद आत जातो.

आणि तो कागद कसा असतो? आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात एक साचा ठरलेला आहे. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा यांत फरक एवढाच की पहिल्यात उंची आणि वर्ण असतो, दुसऱ्यात नसतो. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, भाषा, छंद : वाचन आणि क्रिकेट. मग दहावी, बारावी, टक्के. अनुभवासाठी शेवटी दोन ओळी उरतात. ज्याचे अवघे कर्तृत्व अनुभवात आहे आणि ज्याचे शिक्षण परिस्थितीने मध्येच तुटले, त्याच्यासाठी याहून अन्यायकारक साचा शोधूनही सापडणार नाही. जेथे तो दुबळा आहे ते सर्वांत वर आणि जेथे तो समर्थ आहे ते तळाशी!

आमचा एक माजी विद्यार्थी असाच कागद घेऊन आमच्याकडे आला होता. खंडाळ्याच्या एका हॉटेलात बारा वर्षे, त्यानंतर जुन्या महामार्गालगत चाळीस खुर्च्यांची स्वतःची खानावळ सहा वर्षे. टाळेबंदीत ती मिटली. आता तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कँटीनच्या प्रमुखपदासाठी अर्ज करावयाचा होता. सहा वर्षांच्या मालकीविषयी कागदावर एकच ओळ होती : 'स्वतःचा व्यवसाय, सध्या बंद.' आम्ही त्यास विचारीत गेलो आणि तो सांगत गेला. रोज दुपारी किती ताटे जात? शंभर-सव्वाशे, शनिवार-रविवारी दोनशेपर्यंत. हाताखाली किती माणसे? सात, त्यांतली चार त्याने स्वतः तयार केली, दोघे आज मोठ्या हॉटेलांत आहेत. तांदूळ कोणता? इंद्रायणी, थेट शेतकऱ्यांकडून, हंगामातच भरून ठेवलेला. हिशेब कोण ठेवी? तोच. उधारी किती बुडाली? येथे तो हसला. अन्नसुरक्षा परवाना? होता, चौदा आकडी क्रमांक अजून तोंडपाठ. यातले एकही अक्षर कागदावर नव्हते. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, हे काय लिहायचं? हे तर कामच होतं."

आमच्या मते मालक-शेफच्या बायोडाटाची सारी विद्या या एका वाक्याच्या उलट जाण्यात आहे. जे 'कामच होते' तेच लिहावयाचे.

मालक-शेफ ही दोन माणसे आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. एक भट्टीपाशी उभा राहतो, दुसरा गल्ल्यापाशी. नुसते 'मालक' लिहिले तर वाचणारा समजतो की पैसे गुंतवून खुर्चीत बसलेला कोणी असेल. नुसते 'शेफ' लिहिले तर भाडे, पगार, परवाने, पुरवठादार, वीजबिल हे सारे सांभाळल्याचे पुण्य वाया जाते. म्हणून 'मालक व मुख्य शेफ' असे लिहून, खाली स्वयंपाकघराच्या ओळी वेगळ्या आणि व्यवहाराच्या वेगळ्या द्याव्यात. त्याआधीच्या नोकरीत हुद्दे चढत गेले असतील तर तेही क्रमाने यावेत : हेल्पर, कॉमी, शेफ द पार्टी, सू शेफ. हे शब्द फ्रेंच असले तरी लोणावळ्याच्या कोणत्याही स्वयंपाकघरात त्यांचा अर्थ ठाऊक असतो आणि चढण किती वर्षांत झाली यावरून पारख होते.

विशेषणे टाळावीत. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'चविष्ट जेवणासाठी प्रसिद्ध' हे शब्द कोणीही लिहू शकतो. आकडे मात्र ज्याने काम केले त्यालाच लिहिता येतात. एका वेळी किती माणसांचे जेवण, मेन्यूत किती पदार्थ, किती वर्षे न थांबता. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किती टक्क्यांत बसवला हा आकडा तर हॉटेलवाले सर्वांत आधी शोधतात. साधारणतः एक-तृतीयांशाच्या आसपास तो राखता आला तर हात आवरता येतो असे ते मानतात. आपल्या मुलांना हा हिशेब बोटांवर येतो, फक्त त्याला 'फूड कॉस्ट' म्हणतात हे पुष्कळांना माहीत नसते. ज्यांच्यापाशी हॉटेल व्यवस्थापनाची पदवी नाही त्यांनी खंत करीत बसू नये. हातात असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणारी, आरपीएल नावाने ओळखली जाणारी शासकीय सोय कौशल्य विकास योजनेत आहे, तिची चौकशी करावी.

बंद पडलेल्या हॉटेलाविषयी लाज बाळगू नये. सुरू केल्याचा महिना-वर्ष आणि बंद केल्याचा महिना-वर्ष स्पष्ट लिहावे, कारण एका वाक्यात द्यावे आणि पुढे जावे. कामगारांचे पगार आणि दुकानदारांची देणी चुकती करून शटर ओढले असेल, तर तेही नोंदवावे. आमच्या दृष्टीने ती त्या कागदावरची सर्वांत मौल्यवान ओळ ठरावी.

आमचा विषय इतिहास. त्यामुळे हा सारा विचार करताना दृष्टी वारंवार कार्ल्याच्या डोंगराकडे जाते. आपल्या शाळेच्या सहलीत प्रत्येक तुकडी तेथे जातेच. पण मुले चैत्यगृहाची उंची पाहतात, लाकडी कमानी पाहतात आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांना ओझरते पाहून पुढे जातात. ती अक्षरे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे परिचय आहेत. धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, दारावरच्या कामाखाली आपले नाव घालतो. त्याच गावचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. तोही आपला धंदा लपवीत नाही. गाव, नाव, व्यवसाय आणि केलेले कार्य! चैत्यगृह पूर्णत्वास नेणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचेही निःसंकोच नोंदवतो. श्रेष्ठीला ते शोभले, असे म्हणावे; आपल्या मुलांनी मात्र सुताराचे वळण गिरवावे. हाताचे काम करणारा माणूस आपल्या कामाखाली नाव घालतो ही गोष्ट मावळच्या दगडात कोरलेली आहे.

मधल्या शतकांत ही नावे पुसली गेली. अन्न शिजवणे आणि ते दुसऱ्यास वाढणे या व्यवहारात जातिव्यवस्थेने जेवढी भिंत उभारली तेवढी क्वचितच अन्यत्र. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यातच सारे आले. तो उल्लेख गिऱ्हाइकाच्या हक्काचा आहे. आपण आत जाऊन बसू शकतो, हे त्याने निश्चित केले. आपल्या हातचे लोकांनी खावे, हे मात्र कायद्याने घडवता येत नाही.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची कथा आपण सर्वच सांगतो. पाण्याला स्पर्श केला म्हणून मार खाल्लेल्या या सेवकास राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढावयास बळ दिले आणि 'सत्यसुधारक' नावाच्या त्या हॉटेलापुढे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला. महाराजांचे थोरपण निर्विवाद. पण या कथेत नायक चहा पिणारा आहे. चहा करणारा, दुकान झाडणारा, बहिष्कार असतानाही रोज सकाळी शेगडी पेटवणारा गंगाराम आपल्या भाषणांत एका वाक्यात आटोपतो. तो केवळ उपकृत नव्हता, तो व्यावसायिक होता. आम्हांस त्याचा बायोडाटा वाचावयास आवडला असता.

आता अवघड प्रश्न. आपल्या कित्येक बांधवांच्या हॉटेलांच्या पाट्यांवर देवादिकांची वा निसर्गाची नावे आहेत, मालकाचे आडनाव नाही. कारण सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमात राहावयास मिळावे म्हणून बाबासाहेबांसारख्या विद्वानालाही नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले होते, आणि खरे उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पाटीवर काय लिहावे याविषयी आम्ही कोणास दोष देणार नाही. संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्याला तो निर्णय करू द्यावा. परंतु बायोडाटावर पूर्ण नाव, आडनावासह, मोठ्या अक्षरांत यावे असे आमचे ठाम मत आहे. जात आणि धर्म यांचे रकाने मात्र काढून टाकावेत. योजनेसाठी जातीचा दाखला लागतो तेव्हा तो स्वतंत्रपणे जोडता येतो. शेफची पारख करावयास बसलेल्या माणसास त्या रकान्याची आवश्यकता नाही, आणि ज्यास ती भासते त्याच्याकडे नोकरी कशी असेल हे आधीच कळलेले बरे.

कागदावर असत्य मुळीच नको. साठ ताटे दोनशे करू नयेत, कॉमीचा सू शेफ करू नये. मुलाखतीनंतर पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष पदार्थ करून दाखवावा लागतो आणि तेथे सुरी धरण्याच्या पद्धतीवरूनच खरेखोटे समजते.

कागद दोन भाषांत असावा, एका पानाचा, फार तर दीड. शेवटी दोन माणसांची नावे द्यावीत : ज्याच्या हाताखाली शिकलो तो वरिष्ठ शेफ आणि ज्याच्याकडून वर्षानुवर्षे माल उचलला तो वाणी किंवा भाजीवाला. नगरसेवकाचे नाव घालण्याची प्रथा सोडून द्यावी. त्याने आपला रस्सा चाखलेला असतो, पण आपली उधारी कशी फिटत होती हे त्याला माहीत नसते. वाण्याला ते माहीत असते. मात्र नाव छापण्यापूर्वी दोघांनाही फोन करून विचारावे, आणि कोणत्या जागेसाठी अर्ज करीत आहोत तेही सांगून ठेवावे.