सल्ला फोनवर आला, पण फोन कोणाच्या हातात?



घरातले ताणतणाव, मुलांच्या संगोपनातल्या अडचणी यांवर फोनवरून किंवा पडद्यावरून समुपदेशन घेण्याची सोय आता आमच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यापर्यंत पोचली आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक लावला की दिवसा-रात्री केव्हाही, फुकट आणि मराठीत बोलता येते. शहरांतल्या खासगी संस्था पैसे घेऊन ऑनलाईन हेच काम करतात. या सोयीचे मी स्वागत करते. पण हे स्वागत बिनशर्त असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी स्वागत कशासाठी, ते सांगते. लाखांदूर किंवा तुमसरकडच्या खेड्यातल्या बाईला मनाच्या दुखण्यासाठी भंडारा गाठायचे, पुढे नागपूरच्या मनोरुग्णालयात जायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. रोवण्याच्या दिवसांत तर ते शक्यच नाही. त्यात ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ गेल्याचा गावभर बोभाटा होतो, तो निराळाच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम १८ मध्ये म्हणतो की, या सेवेसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये आणि निदान प्रत्येक जिल्ह्यात ती मिळाली पाहिजे. तेव्हा ही फोनसेवा म्हणजे आपल्यावर उपकार नव्हेत. आपल्या हक्काचा तो एक छोटा हप्ता आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सारे मध्यमवर्गीय आहे. प्रश्न कर्जाचा, दारूचा, बेकारीचा. तो ‘मानसिक’ ठरवून बाईला एकटीला खुर्चीत बसवायचे. या आक्षेपात तथ्य आहे. पण दुःख सामाजिक असले तरी ते रात्री एकेकटीलाच जागवते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. भरपाई जाहीर झाली, चौकशी झाली, इतर रुग्णालयांतल्या अग्निसुरक्षेची चर्चा झाली. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण छातीत दूध दाटलेले आणि मांडी रिकामी, अशा अवस्थेत घरी परतणाऱ्या आईशी महिनोन् महिने कोणीतरी बोलत राहिले पाहिजे, हीही तितकीच मोठी मागणी आहे. भरपाईच्या धनादेशाने ती पूर्ण होत नाही आणि मोर्चानेही होत नाही.

आता अटींविषयी. पहिला प्रश्न, फोन कोणाच्या हातात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. आमच्याकडे घरात असलेला एकच चांगला फोन नवऱ्याच्या खिशात नाहीतर मुलाच्या हातात असतो. दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, लेकरे. तिथे कोणती बाई मोठ्याने सांगेल की, ‘जीव घाबरते, मन लागत नाही’? फोन ठेवताच ‘कोणाशी बोलत होतीस?’ हा सवाल येतोच. वरील कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण तो दवाखान्याच्या दाराशी पाळला आणि घरात सर्वांच्या देखत बोलावे लागले, तर त्याला काय अर्थ?

दुसरा प्रश्न ‘पालकत्व’ या शब्दाचा. शब्द दोघांसाठी आहे, जबाबदारी एकीची. मुलगा नापास झाला, आईने लाडावले. मुलगी कोणाशी बोलताना दिसली, आईचे लक्ष नव्हते. पोरगा रात्रभर मोबाईलवर, तर आईने शिस्त लावली नाही. बापाने घेऊन दिलेल्या मोबाईलचा विषय कोणी काढत नाही. समुपदेशनालाही येते ती आईच. तिला सांगितले जाते, मुलाला वेळ द्या, शांतपणे बोला, वेळापत्रक करा. दिवसभर चिखलात वाकून धान लावून आलेल्या किंवा विड्या वळून बोटे भरून आलेल्या बाईला हा सल्ला म्हणजे आणखी एक काम, आणि ते झाले नाही की आणखी एक अपराध. ऑनलाईनमुळे निदान एवढे तरी साधावे: बाप कामासाठी नागपुरात वा आणखी दूर असला तरी त्याला फोनवर घेता येते. मग त्याला घेतलेच पाहिजे. बापाला न बोलावता चाललेले ‘पालक समुपदेशन’ अर्धवट समजावे.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, हिंसेचा. कुटुंब समुपदेशनाच्या नावाखाली ‘जरा समजून घे, लेकरांकडे बघून सोसून घे’ हेच आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. ते बदलायला चळवळीला पुष्कळ झगडावे लागले. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो बाईचे म्हणणे खरे मानून काम करण्यासाठी. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचे समर्थन करू द्यायचे नाही आणि हे त्याला आधीच सांगायचे. पडद्यावर हा नियम कोण पाळणार? नवरा-बायको एकाच फोनसमोर बसलेले. तिने मारहाणीचा शब्द काढला तर पडदा बंद झाल्यावर ती त्याच्याबरोबर त्याच घरात आहे. समुपदेशक मात्र शेकडो मैल दूर. म्हणून पहिले बोलणे नेहमी बाईशी एकटीशी व्हावे, आणि हिंसा असेल तर संयुक्त बैठक टाळून संरक्षण अधिकारी, सखी केंद्र, १८१ हेल्पलाईन यांच्याशी तिला जोडून द्यावे.

चौथी गोष्ट, बोलणारे कोण? ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. आणि भाषा! झाडीबोलीत बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीत प्रश्न आले, की ती ‘हो, हो’ म्हणून फोन ठेवते. तिचे ‘हो’ म्हणजे बरे वाटल्याची पावती नव्हे.

मग करायचे काय? माझ्या मते प्रत्येक उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत दार लावता येईल अशी एक खोली आणि एक फोन एवढी मागणी आपण ग्रामसभेत ठरावाने करावी. लसीकरणाच्या दिवशी बाई तिथे जातेच, त्यामुळे तिला कारण सांगत बसावे लागणार नाही. फोनवरच्या बोलण्यानंतर प्रत्यक्ष भेटणारी प्रशिक्षित व्यक्ती तालुक्याला असावी. आशाताईंवर हे काम फुकटात लादू नये. आणि गटाच्या बैठकीत १४४१६ हा क्रमांक पाठ करून घेतानाच, ‘फोन करायला आमच्या घरी ये’ असे म्हणणारी एक तरी मैत्रीण प्रत्येक मोहल्ल्यात तयार व्हावी.

घरातले दुखणे घरातच ठेवावे, या शिकवणुकीविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. आता ते दुखणे फोनमध्ये कोंडले जाऊ नये. फोनवर बोलून बाईचे मन हलके व्हावे, आणि हलक्या मनाने ती बैठकीला यावी, तिथे दारूचा, मजुरीचा, मारहाणीचा प्रश्न मांडावा. तिथवर येण्याचे बळ तिला देतो, तोच सल्ला खरा.