औषध आहे, आसरा नाही

राजकारणाच्या वार्ता बाजूस सारून आज पहिल्या पानावरील ही जागा आम्ही एका दुर्धर रोगाच्या विचारासाठी राखली, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु भारतातील पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, आणि त्याचे बहुसंख्य रोगी रोग बळावल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. यात तंबाखूचा दोष मोठा आहे, हे कोणीही नाकारीत नाही. पण दोष सांगून झाल्यावरही रोगी उरतोच, आणि त्याचे काय करावयाचे हा प्रश्नही उरतो.

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याच शहरात, १९४१ साली परळ येथे उभ्या राहिलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात, शोधले गेले आहे. तोंड, घसा व मान यांतील रोग फार पुढे गेला म्हणजे किरणोपचार द्यावे लागतात. किरण कर्कपेशीतील डीएनए तोडतात. पेशी तो पुन्हा सांधू पाहते. त्याच काळात सिसप्लॅटिन हे औषध शिरेतून दिले, तर ते डीएनएला चिकटून सांधण्याच्या या कामात अडथळा आणते. प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजन रोखण्याचा गुण बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ साली अमेरिकेत जगापुढे मांडला. औषध व किरण एकाच वेळी दिल्याने केवळ किरणांपेक्षा अधिक रोगी जगतात, हे तेव्हापासून अनेक परीक्षणांनी सिद्ध केले आहे.

आता या जोडीस लक्ष्यवेधी औषधांची साथ मिळू लागली आहे. कर्कपेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप आत घेणारे जणू एक दार असते. ते दार ही औषधे अडवितात. त्यांतील सिटुक्सिमॅब हे केवळ किरणांच्या जोडीस दिले असता रुग्णांचे मध्यम आयुर्मान २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले, असे २००६ साली दिसले. तेच औषध किरण व सिसप्लॅटिन यांच्यात तिसरे म्हणून मिसळले, तेव्हा मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षणात काहीच अधिक लाभ दिसला नाही. उलट, टाटा रुग्णालयाने २०१९ साली ५३६ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निमोटुझुमॅब या दुसऱ्या औषधाने दोन वर्षांनंतर रोग जागच्या जागी आटोक्यात राहण्याचे प्रमाण ५७.७ टक्क्यांवरून ६७.५ टक्क्यांवर नेले. आयुर्मानातील वाढ तेथेही निर्विवाद ठरली नाही. औषध नवे व महाग आहे एवढ्यावरून ते गुणकारी ठरत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा.

ज्यांची मूत्रपिंडे वा कान सिसप्लॅटिन सोसू शकत नाहीत, अशांचे काय? त्यांस केवळ किरणांवर भिस्त ठेवावी लागे. टाटा रुग्णालयानेच अशा ३५६ रुग्णांचे परीक्षण केले आणि २०२३ साली त्याचे फलित सांगितले. दर आठवड्यास डोसेटॅक्सेलची अल्प मात्रा किरणांच्या जोडीस दिल्याने दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्के झाले. डोसेटॅक्सेल हे काही आजचे औषध नव्हे. हाताशी असलेल्या जुन्या वस्तूचा डोळस उपयोग करण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

येथवर शास्त्राने आपले काम केले. पुढचे काम समाजाचे व सरकारचे आहे, आणि तेथेच गाडी अडते. हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, असा सहा-सात आठवडे चालतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढीस लागतात आणि केलेले कष्ट वाया जातात. या काळात तोंड सोलवटून निघते, घास उतरत नाही, कित्येकांस नाकातील नळीने अन्न द्यावे लागते. अशा माणसाने राहावे कोठे? अनेक जिल्ह्यांत किरणयंत्र नाही, म्हणून तो आपल्या शहरात येतो. दादरच्या संत गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या संस्था कित्येकांस छप्पर देतात. पण ज्यांस तेथे जागा मिळत नाही त्यांची पथारी परळच्या पदपथावर पडते. सरकारी योजनेतून उपचाराचे बिल भागेलही, परंतु सोबत आलेल्या पत्नीची वा मुलाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

कोणी म्हणेल की, हे धर्मादायाचे काम आहे. दात्यांचे ऋण आम्ही मानतो. पण ज्या निवाऱ्यावाचून उपचार पुरा होत नाही, तो निवारा हा उपचाराचाच भाग आहे. तो दात्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चालू स्थितीतील किरणयंत्र आणि ते चालविणारी माणसे असावीत, आणि उपचाराच्या सात आठवड्यांचा निवारा व निर्वाह सरकारी योजनेतच धरावा, अशी आमची मागणी आहे. परीक्षणांतील ते टक्के उपचार पुरा करणाऱ्यांच्या बळावर उभे आहेत. पस्तिसाव्या दिवसापर्यंत रोगी पोहोचलाच नाही, तर परळच्या डॉक्टरांनी इतक्या कष्टाने मिळविलेले ज्ञान त्याच्या कोणत्या उपयोगाचे?