अपघाताच्या जागी जाताना

२४ ऑगस्ट २०२४ रोजी मुळशी तालुक्यातल्या पौडजवळ भर पावसात हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा मदतीला आधी पोचले ते आसपासचे गावकरी. स्फोट होईल, लांब व्हा, असं जखमी वैमानिकानेच बजावल्याचं त्यांच्यातल्या एकाने पत्रकारांना सांगितलं. हेलिकॉप्टरमधले चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला बावधन बुद्रुकला हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात मात्र तिघांचा जीव गेला. ही दोन्ही हेलिकॉप्टरं खासगी होती. पण लष्करी विमानंही शेतातच पडतात: १४ ऑक्टोबर २०१४ ला थेऊरजवळ सुखोई कोसळलं, ४ जून २०२४ ला निफाडच्या शिरसगावात. दोन्ही वेळा वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले आणि बचावले.

अशा जागी बघ्यांनी जावं का?

जाऊ नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. लढाऊ विमानाच्या आसनाखाली स्फोटक काडतुसं असतात, इंधन सांडलेलं असतं, आणि त्यातले कृत्रिम धाग्यांचे भाग जळाले की त्यांची धूळ फुप्फुसात जाते. हवाई दलाची चौकशी प्रत्येक तुकडा कुठे पडला यावर चालते. तो तुकडा आठवण म्हणून खिशात घातला की पुरावा गेला. शिवाय विमानाने नासलं नाही तेवढं पीक गर्दीच्या पायांखाली जातं, आणि तलाठ्याने पंचनामा करायचा तरी कशाचा?

पण म्हणून सरसकट बंदी घालावी, हे मला पटत नाही. ८ डिसेंबर २०२१ ला तमिळनाडूत कुन्नूरजवळ तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं. नंजप्पा सत्रम या वस्तीतले लोक पोलिसांची वाट न पाहता आगीकडे धावले, घरातली पांघरुणं दिली. पुढे लष्कराने ती वस्ती वर्षभरासाठी दत्तक घेतली. दुसरं उदाहरण विमानाचं नाही, पण जास्त बोचणारं आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण मेले, त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. तिथे बातमीदार आणि लोकप्रतिनिधी गेलेच नसते, तर त्या मजुरांच्या घरच्यांच्या वतीने प्रश्न कोणी विचारले असते?

म्हणजे जायचं की नाही यापेक्षा कधी आणि कशासाठी, हे महत्त्वाचं. पहिला तास गावकऱ्यांचा आणि रुग्णवाहिकेचा. नंतर तपास करणारे. बातमीदारांनी यावं, पण दोरीच्या बाहेर राहून आणि मृतांचे चेहरे न दाखवता. नेत्यांच्या भेटींबाबत मी जास्त कडक आहे: मुळशीतल्या अरुंद रस्त्यांवर दहा गाड्यांचा ताफा उभा राहिला की रुग्णवाहिका अडकते. मृतांना हात जोडायला चार दिवसांनी गेलं तरी चालतं; जावंही, पण ज्याचं शेत आहे त्याला विचारून. निव्वळ चित्रफीत काढायला येणाऱ्याला मात्र मी कुठलीच वेळ देणार नाही.

हे नियम अपघाताच्या दिवशी ठरवता येत नाहीत. तहसील कार्यालय, पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायतींनी एकत्र बसून ते आधीच ठरवावेत: रस्ता कोणी मोकळा ठेवायचा, दोरी कोणी बांधायची, शेतकऱ्याची भरपाई कोणी मागायची. सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेतच हा विषय घ्यावा.