उशुआया व्हाया कोपरगाव

अंटार्क्टिकाच्या क्रूझचे रेट्स बघितलेत कधी? मी बघितले आणि मुकाट्याने टॅब बंद केला. पण वाचता वाचता एक कळलं. त्या ट्रिपमधले पैसे सुटायला लागतात ते बर्फावर नाही, उशुआयात. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं हे बंदर. अंटार्क्टिकाच्या बहुतेक क्रूझ इथूनच निघतात. सीझन नोव्हेंबर ते मार्च. फ्लाइट लेट झाली म्हणून बोट थोडीच थांबणार? म्हणून शहाणी मंडळी आदल्या दिवशीच येतात. हॉटेल, जेवण, टॅक्सी, घरी विसरलेले हातमोजे... बर्फ अंटार्क्टिकाचा, गल्ला उशुआयाचा!

आणि मला आठवलं कोपरगाव. हसू नका. लहानपणी आम्ही शिर्डीला जायचो ते कोपरगाव स्टेशनवर उतरून. आधी चहा, मग मावशीकडे आंघोळ-नाश्ता, मग जीपवाल्याशी घासाघीस आणि पुढे पंधराएक किलोमीटर. २००९ मध्ये साईनगर शिर्डी स्टेशन सुरू झालं, २०१७ मध्ये काकडीचा विमानतळ आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत आला. गंमत म्हणजे काकडी कोपरगाव तालुक्यातच आहे, पण विमानातून उतरलेला भक्त गाडीत बसतो तो थेट शिर्डीलाच. त्याचं काय चुकलं? माझ्या आईच्या गुडघ्यांना विचाराल तर तेही डायरेक्ट ट्रेनच म्हणतील. पण वाटेतल्या गावाची कमाई प्रवाशाच्या खोळंब्यावर असते, आणि खोळंबाच संपला की चहावाल्याने करायचं काय?

उशुआयालाही ही धास्ती असणारच. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने दोनेक तासांत अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरता येतं. ड्रेक पॅसेजमधले दोन दिवसांचे हेलकावे वाचतात! पण उशुआयाने आपला जुना तुरुंग, १९४७ मध्ये बंद पडलेला, म्युझियम करून टाकला. कैद्यांना लाकूडतोडीला नेणाऱ्या रेल्वेची टुरिस्ट ट्रेन केली. वर 'जगाचं टोक' हा ब्रँड. म्हणजे बोट नसली तरी रात्रभर राहायला निमित्त आहे.

कोपरगावकडे काय कमी आहे? गोदावरी आहे, बेटातलं शुक्राचार्यांचं देऊळ आहे. 'ध'चा 'मा'वाल्या गोष्टीतले राघोबादादा १७८३ मध्ये इथेच वारले. तुरुंगावर तिकीट लागतं, तर पेशव्यावर का नाही?

पुढच्या वेळी परतीचं तिकीट मी कोपरगावहून काढणार आहे. मावशीला अजून बोलले नाहीये. कळलं तर मुक्काम दोन रात्रींचा होईल.